ओसीआर प्रकल्प, महाल: एरर स्ट्रीम गप्प करण्याच्या नोंदी

५ ऑगस्ट २०२४

काम हाती घेतलं. नागपूरच्या महालातलं एक जुनं वाचनालय आहे. त्यांच्या छापील ग्रंथसूच्या आणि वार्षिक अहवाल स्कॅन करायचे, टेसरॅक्ट या प्रोग्रामने चित्रातला मजकूर काढायचा (हेच ओसीआर), हे सगळं रात्री क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या सोयीने, चालवायचं आणि सकाळी शोधात शब्द टाकला की पान सापडलं पाहिजे. आधीच्या कंत्राटदाराने हे उभं करून दिलेलं आहे आणि ते चालतंही. निदान चालताना दिसतं.

ग्रंथपाल मॅडमची तक्रार अशी की काही वर्षांचे अहवाल शोधात येतच नाहीत, आणि जे येतात ते उशिरा येतात. आज स्कॅन केलेलं परवा दिसतं. स्कॅनिंग करणाऱ्या ताईंचं म्हणणं वेगळंच. "दादा, दिवसा एखादा खंड हाताने चालवला की त्या काळ्या खिडकीत इंग्रजी ओळी नुसत्या धावून राहतात. काही बिघडलं का काय, समजतच नाही. बंद करून द्या ना त्या."

म्हणजे मॅडमना काय चुकतंय ते कळत नाही, आणि ताईंना इतकं कळवलेलं नको आहे. दोघींचंही रास्त आहे.

रात्रीची स्क्रिप्ट उघडली. प्रत्येक ओळीच्या शेपटाला '२>/डेव्ह/नल' लावलेलं. नुसतं फोल्डर बनवणाऱ्या ओळीलासुद्धा! डिस्क भरली आणि फोल्डर बनलं नाही तर ते कोणाला कळणार होतं, देव जाणे.

(ही वही मॅडमही वाचणार आहेत, म्हणून कमांड देवनागरीतच लिहितोय. ० म्हणजे प्रोग्रामचं इनपुट, १ म्हणजे त्याचं नेहमीचं आउटपुट, २ म्हणजे स्टँडर्ड एरर, तक्रारी सांगायची वेगळी वाट. बाणाचं चिन्ह म्हणजे ती वाट पुढच्या नावाकडे वळव. /डेव्ह/नल हे कर्नलने दिलेलं एक उपकरण. त्यात काहीही लिहा, लिहिणं यशस्वीच होतं आणि लिहिलेलं कुठेही उरत नाही.)

७ ऑगस्ट

आधी फेकलं काय जातंय ते बघायचं ठरवलं. स्क्रिप्टची एक प्रत काढली, त्यातले सगळे '२>/डेव्ह/नल' उडवले आणि सबंध स्टँडर्ड एरर एका फाइलीत घेतला. दोन-तीन खंड चालवल्यावर फाइल बऱ्यापैकी जाड झाली.

त्यातला बहुतेक मजकूर खरंच निरुपद्रवी. स्कॅनमध्ये डीपीआय (इंचामागे किती ठिपके) लिहिलेला नाही म्हणून टेसरॅक्ट दर पानाला सांगतो की रिझोल्यूशन मी अंदाजाने धरतोय. टिफ प्रकारच्या स्कॅन-फाइली वाचणारी लायब्ररी सांगते की फाइलीत मला अनोळखी टॅग भेटला. कोऱ्या पानाला 'एम्प्टी पेज', तेही दोन उद्गारचिन्हं लावून. अशा ओळी ताईंसमोर आल्या तरी यातल्या एकीवरही त्यांनी काही करावं अशी अपेक्षा नाही.

पण याच ढिगात दोन ओळी अशा सापडल्या की मॅडमच्या तक्रारीचा अर्धा उलगडा तिथेच झाला.

पहिली: 'एमआर' नावाची भाषा-फाइल उघडता आली नाही, एकही भाषा लोड झाली नाही. प्रत्येक खंडाची भाषा एका यादीत हाताने भरलेली आहे. टेसरॅक्टला तीन अक्षरी कोड लागतो, मराठीसाठी 'एमएआर'. यादीत काही वर्षांपुढे कोणीतरी वेबसाइटवर वापरतात तो दोन अक्षरी 'एमआर' टाकलाय. त्या खंडांवर टेसरॅक्ट सुरू होताक्षणीच १ हा एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो निकालाचा आकडा, ० म्हणजे यश) देऊन बंद पडत होता. स्क्रिप्टमध्ये पुढे '|| ट्रू' लिहिलेलं, म्हणजे अपयश आलं तरी यश समजायचं. संदेश नलमध्ये गेला, कोड ट्रूने गिळला. शोधात ती वर्षं नाहीत कारण त्यांचा मजकूरच कधी तयार झाला नाही.

दुसरी ओळ जास्त बेरकी आहे. काही ग्रंथसूच्यांत संस्कृत विभाग आहे, तिथे भाषा 'एमएआर+एसएएन' दिलीय. संस्कृतचं पॅकेज या मशीनवर टाकलेलंच नाही. अशा वेळी टेसरॅक्ट 'एसएएन लोड झाली नाही' एवढं स्टँडर्ड एररवर म्हणतो आणि मराठीवर काम पुढे रेटतो. एक भाषा मिळाली ना, झालं. एक्झिट कोड ०. मजकूर तयार होतो, फाइल रिकामी नसते, सगळं हिरवं. फक्त संस्कृत शीर्षकं मराठीच्या मॉडेलने वाचली जातात आणि जोडाक्षरांत गडबड होते. ही गोष्ट जगाला सांगणारी ती एकच ओळ होती.

'एररकडे काय बघायचं, एक्झिट कोड बघितला की पुरे' असं मीही लोकांना सांगत आलोय. इथे ते पुरत नाही.

संस्कृतचं पॅकेज टाकलं. यादीतले कोड दुरुस्त केले. जुने खंड पुन्हा चालवायचे ते शेवटी.

१० ऑगस्ट

मॅडमनी विचारलं, "सर, मुळात दोन वाटा ठेवल्याच कशाला? एकच असती तर हा घोळ झाला नसता."

प्रश्न चांगला आहे आणि उत्तर त्यांच्याच प्रांतातलं निघालं. युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजाच्या, सुरुवातीच्या काळात वाट एकच होती. उत्तर आणि तक्रार दोन्ही स्टँडर्ड आउटपुटवर. १९७० च्या दशकात, युनिक्स जिथे घडलं त्या बेल लॅब्समध्ये सी/ए/टी नावाचं फोटोटाइपसेटर मशीन आलं. मजकूर त्यावर पाठवायचा, तो फोटोच्या कागदावर उमटायचा आणि मग ती लांबलचक पट्टी घाण वास येणाऱ्या डेव्हलपिंग यंत्रातून काढायची. तिथलेच स्टीफन जॉन्सन यांनी सांगितलेली हकिकत अशी की एका दुपारी बऱ्याच जणांच्या वाट्याला एकच अनुभव आला: एवढा सोपस्कार करून पट्टी बाहेर काढली तर तिच्यावर सुबक टाइपात एकच ओळ, 'अमुक फाइल उघडता येत नाही'. लोक वैतागले, योग्य माणसांच्या कानावर ती कुरकुर गेली आणि दोनेक दिवसांत स्टँडर्ड एरर जन्माला आला.

मॅडम मनापासून हसल्या. त्यांनी छापखान्यातल्या ब्रोमाइडचा जमाना बघितलाय, पेस्टिंग करताना एक ओळ तिरकी गेली तर अख्खं पान पुन्हा करावं लागे तो. त्यांना वेगळं समजावायची गरज पडली नाही.

म्हणजे ही दुसरी वाट मुळात आउटपुट स्वच्छ राहावं म्हणून काढली, तक्रार हरवावी म्हणून नव्हे. कोणी ती बंद करा म्हटलं की मी आता आधी विचारतो: तुम्हाला आउटपुट स्वच्छ हवंय की पडदा? आउटपुट हवं असेल तर ते आधीच स्वच्छ आहे, काही करायला नको.

१३ ऑगस्ट

"परवा दिसतं" याचं कारण सापडलं. क्रॉनटॅबमधली, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकातली, ओळ साधारण अशी:

३० २२ * * * रात्र.एसएच &>/डेव्ह/नल && सूची.एसएच

वाचायला सरळ आहे. साडेदहाला ओसीआर चालव, त्याचं सगळं बोलणं फेक, तो नीट संपला तर शोधाची सूची बनव. माझ्या ज्युनिअरने टर्मिनलवर ही ओळ जशीच्या तशी चालवली आणि बरोबर चालली. "दादा, यात तर काहीच नाही."

टर्मिनलवर बॅश असतं, म्हणजे आपण टाकलेल्या कमांड वाचून चालवणारा एक शेल. क्रॉन मात्र /बिन/एसएच वापरतं आणि उबुंटूवर २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून /बिन/एसएच म्हणजे डॅश हा दुसराच शेल. '&>' हे दोन्ही वाटा एकदम वळवणारं चिन्ह बॅशचं आहे. डॅशला ते माहीत नाही. डॅश ते तोडून वाचतं: आधी 'रात्र.एसएच &', म्हणजे हे मागे सोडून दे. मग '>/डेव्ह/नल', म्हणजे कमांडच नसलेलं एक रिकामं रिडायरेक्शन, जे नेहमीच यशस्वी होतं. आणि ते यशस्वी झालं म्हणून '&& सूची.एसएच'.

थोडक्यात, साडेदहाला ओसीआर आणि सूची एकाच क्षणी सुटत होते. सूचीच्या हाती आदल्या रात्रीचाच मजकूर लागणार, दुसरं काय? एररचा एक अक्षरभर संदेशही नाही, कारण डॅशच्या दृष्टीने व्याकरणात काही चूक नाही.

आणि गंमत म्हणजे ज्यासाठी हे लिहिलं ते कामही होत नव्हतं. आउटपुट फेकलं जात नव्हतं, ते क्रॉनकडे जात होतं. क्रॉन ते मेलने पाठवतो. या मशीनवर मेल पाठवणारं काहीच नाही, त्यामुळे सिसलॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, रोज एक ओळ: 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट'. क्रॉन बिचारा रोज सांगत होता.

ओळ बदलली: 'रात्र.एसएच >>रात्र.लॉग २>&१ && सूची.एसएच'. हे बॅश आणि डॅश दोघांनाही कळतं. क्रम मात्र हाच हवा. '२>&१' म्हणजे 'आत्ता १ जिथे जातोय तिथे २ पाठव'. उलटं लिहिलं, म्हणजे '२>&१ >>रात्र.लॉग', तर त्या क्षणी १ अजून जुन्याच ठिकाणी असतो. २ तिथेच चिकटतो आणि फाइलीत एकटा १ जातो. ज्युनिअरला कागदावर बाण काढून दाखवलं. बाण खोडून नवीन काढायचा, एका वेळी एक. मग एकदम बसलं डोक्यात.

१९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा, अर्धाच दिवस काम.

दिवसा ताई जो पायथॉनचा छोटा प्रोग्राम वापरतात त्यात मुखपृष्ठांची पूर्वचित्रं दिसतात. ती ओपनसीव्ही ही लायब्ररी उघडते आणि दर दुसऱ्या चित्राला पीएनजी चित्रं वाचणाऱ्या लिबपीएनजीची सूचना येते, 'आयसीसीपी: नोन इनकरेक्ट एसआरजीबी प्रोफाइल'. आधीच्या माणसाने ती दाबायला 'कॉन्टेक्स्टलिब'मधलं 'रिडायरेक्ट_एसटीडीईआरआर' लावून ठेवलंय. सूचना तरीही येतेच.

येणारच. ती सोय फक्त पायथॉनच्या आतलं 'सिस.एसटीडीईआरआर' हे नाव दुसऱ्या वस्तूकडे वळवते. पायथॉनमधून छापलेलं तेवढं वळतं. लिबपीएनजी सी भाषेतली, ती थेट २ क्रमांकाच्या डिस्क्रिप्टरवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या मूळ वाटेवर, लिहिते. पायथॉनमध्ये काय नाव बदललं याच्याशी तिचा संबंध नाही. सबप्रोसेस म्हणून चालवलेल्या प्रोग्रामचंही तेच.

खालच्या पातळीवर वळवायचं तर 'ओएस.डप(२)' करून मूळ वाटेची प्रत बाजूला ठेवायची, 'ओएस.डप२'ने २ च्या जागी /डेव्ह/नल बसवायचं, काम झालं की प्रत परत बसवायची आणि बंद करायची, तेही 'फायनली'मध्ये, नाहीतर मध्येच एक्सेप्शन आलं की प्रोग्राम मुकाच राहील. करून बघितलं, गप्प झालं.

तरी ठेवलं नाही. डिस्क्रिप्टर २ हा अख्ख्या प्रोसेसचा एकच असतो. या प्रोग्रामात स्कॅनरशी बोलणारा दुसरा थ्रेड, म्हणजे सोबतच चालणारं दुसरं काम, आहे. पूर्वचित्र उघडण्याच्या त्या क्षणात स्कॅनर अडकला तर त्याची ओरडही गेली नलमध्ये. अशी चूक वर्षातून एकदा होते आणि मग ती शोधताना माणूस म्हातारा होतो.

त्यापेक्षा सूचना ज्यामुळे येते तेच काढलं. पूर्वचित्रांच्या प्रतींतून इमेजमॅजिकच्या '-स्ट्रिप'ने रंगांचं प्रोफाइल काढून टाकलं. मूळ स्कॅनला हात लावलेला नाही. आता दाबायला काही उरलंच नाही.

२२ ऑगस्ट

जाडजूड खंड मध्येच अडकतात असं ताई म्हणत होत्या. "बारके होऊन जातात, मोठे थांबतात. कूलरसमोर ठेवलं मशीन, तरी थांबते." गरम होऊन थांबतं असा त्यांचा कयास. नागपुरात तो कयास चुकीचा ठरवायला धाडस लागतं, पण ऑगस्टमध्ये?

अडकल्यावर 'टॉप', म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी, बघितलं. टेसरॅक्ट जिवंत, सीपीयू शून्य. प्रोग्राम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं 'एसट्रेस' लावल्यावर एकच ओळ दिसली आणि पुढे सरकेना: 'राइट(२,' आणि कंस उघडाच. म्हणजे टेसरॅक्ट स्टँडर्ड एररवर काहीतरी लिहायला गेलाय आणि लिहिणं पूर्णच होत नाहीये.

पायथॉनचा कोड बघितला. पडद्यावर ओळी येऊ नयेत म्हणून टेसरॅक्ट चालवताना 'एसटीडीईआरआर=पाइप' दिलंय, म्हणजे तक्रारी एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या नळीत सोड, आणि पुढे 'वेट()', म्हणजे तो संपेपर्यंत थांब. पाइपचं दुसरं टोक कोणीच वाचत नाही. ओळी पडद्यावर येत नाहीत हे खरं, पण त्या फेकल्याही जात नाहीत, पाइपमध्ये साठत राहतात. लिनक्सवर पाइपची मूळ क्षमता ६४ केबी, ६५,५३६ बाइट. ती भरली की लिहिणारा थांबतो, कोणीतरी वाचेपर्यंत. वाचणारा तर 'वेट()' करत बसलाय, लिहिणारा संपण्याची वाट बघत. दोघेही एकमेकांसाठी थांबलेले.

जाड खंडच का, तेही लक्षात आलं. खंडातल्या सगळ्या पानांची यादी एकाच टेसरॅक्टला दिली जाते. तो दर पानाला पानाचं नाव, रिझोल्यूशनचा अंदाज, टिफची सूचना असं बोलतो. ओळ सरासरी १२० बाइटची धरली तर साडेपाचशेच्या आसपास ओळींत पाइप तुडुंब. बारक्या खंडात तेवढं बोलणंच होत नाही. ते तरून जातात.

म्हणजे एखादा खंड पूर्ण होणार की नाही, हे त्यात किती निरुपयोगी सूचना येतात यावर ठरत होतं! पायथॉनच्या कागदपत्रांत या प्रकाराबद्दल स्पष्ट इशारा आहे. फेकायचंच असेल तर पायथॉन ३.३ पासून 'सबप्रोसेस.डेव्हनल' आहे, ठेवायचं असेल तर सरळ फाइल द्यावी, आणि पाइपच हवा असेल तर 'वेट'ऐवजी 'कम्युनिकेट' वापरावं. मी फाइल दिली. प्रत्येक खंडाची स्वतःची, खंडाच्या नावाची, शेवटी '.एरर'.

कूलर आता ताईंकडे वळवलाय.

२७ ऑगस्ट

ज्युनिअरने विचारलं, "दादा, नलमध्ये पाठवण्यापेक्षा २ बंदच केला तर? '२>&-' असं कुठेतरी वाचलं. लिहायचा खर्चही वाचेल."

नको. नव्याने उघडलेल्या फाइलीला सर्वांत लहान मोकळा क्रमांक मिळतो हा युनिक्सचा नियम. २ बंद ठेवून प्रोग्राम सुरू केला, ० आणि १ चालू आहेत, तर तो जी पहिली फाइल उघडेल तिला क्रमांक मिळेल २. आणि लायब्ररीला तर एवढंच माहीत आहे की तक्रार २ वर लिहायची. सीमध्ये दहा ओळींचा प्रोग्राम लिहून दाखवला: एक फाइल उघडली, मग 'एसटीडीईआरआर'वर एक ओळ लिहिली. '२>&-' लावून चालवल्यावर ती तक्रार त्या डेटाच्या फाइलीत जाऊन बसली. आपल्याकडे ती ग्रंथसूचीच्या मधोमध जाऊन बसली असती. जॉन्सनसाहेबांच्या पट्टीवर परत आलो असतो.

ज्युनिअर गप्प. मग म्हणाला, "हे लय डेंजर आहे बे." मला 'बे' म्हणाल्याचं त्याच्या नंतर लक्षात आलं.

३ सप्टेंबर

आज मारबत, नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक. महालात पाय ठेवायला जागा नाही, वाचनालय बंद, काम घरून.

काळी मारबत १८८१ पासून निघते असं सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली इडापिडा, रोगराई, महागाई सगळं तिच्या आणि बडग्यांच्या, म्हणजे सोबतच्या पुतळ्यांच्या, गळ्यात बांधायचं, 'घेऊन जाय गे मारबत' म्हणत मिरवायचं आणि गावाबाहेर जाळून टाकायचं. आधीच्या स्क्रिप्टमधला '२>/डेव्ह/नल' म्हणजे रोजची मारबत होती. फरक एवढाच की मारबतीबरोबर काय काय पाठवायचं, ते बडग्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. इथे पाठवणाऱ्याने यादीच केली नव्हती.

तर आज ती यादी केली. साठवलेल्या '.एरर' फाइली एकत्र करून, आकडे काढून टाकून, सारख्या ओळी मोजल्या. ढीग केवढाही असला तरी वेगवेगळ्या प्रकारच्या ओळी बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या.

रिझोल्यूशनची ओळ दाबायची नाही, संपवायची. स्कॅन ३०० डीपीआयला होतात हे आपल्याला माहीतच आहे, तर टेसरॅक्टला '--डीपीआय ३००' सांगून टाकलं. अंदाज बंद, ओळ बंद. वर अंदाज चुकायची भीतीही गेली. टिफच्या टॅगची सूचना खरोखर निरर्थक, ती स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधून येते आणि ते आपल्या हातात नाही. ती ओळखीच्या कुरकुरीत टाकली. 'एम्प्टी पेज'वर थोडा वेळ घालवला. कोरं पान कोरं असतं, त्यात काय सांगायचं? पण स्कॅनरमध्ये दोन पानं चिकटून उलट बाजू आली तरी तीच ओळ येते. म्हणून ती दाबलेली नाही. खंडाच्या शेवटी 'इतकी पानं कोरी आली' एवढा आकडा ताईंना दिसेल. कोरी पानं किती असायला हवीत हे त्यांना पुस्तक हातात घेतल्यावर कळतं, मला नाही.

टेसरॅक्टमध्ये 'क्वाएट' नावाची तयार कॉन्फिग आहे, जी त्याचं डीबग आउटपुट /डेव्ह/नलकडे वळवते. ज्युनिअरला ती फार आवडली. मी घेतली नाही. टेसरॅक्टचे स्वतःचे संदेश ती एकगठ्ठा वळवते, कामाचे आणि बिनकामाचे सगळे, आणि टिफ वाचणारी लिबटिफ आपल्या वाटेने बोलतच राहते. म्हणजे नेमकं उलटं.

६ सप्टेंबर

आता गाळणी. पहिला विचार होता '२> >(ग्रेप -व्ही ...)' असं थेट लावायचा. ग्रेप नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी निवडतो, '-व्ही' लावलं की त्या वगळून उरलेल्या देतो. बॅशमध्ये चालतं, स्क्रिप्टच्या डोक्यावर बॅश लिहिलेलं आहे. पण कंसातला ग्रेप स्वतंत्र चालतो. टेसरॅक्ट संपला तरी ग्रेप अजून शेवटच्या ओळी गाळत असू शकतो आणि स्क्रिप्ट त्याच्यासाठी थांबत नाही. एका खंडाच्या ओळी पुढच्या खंडाच्या नावाखाली छापल्या जाताना दिसल्या. ताईंना चुकीचं पुस्तक उघडायला लावायचं का?

म्हणून साधं केलं. टेसरॅक्टचा संपूर्ण स्टँडर्ड एरर खंडाच्या '.एरर' फाइलीत, काहीही न गाळता. एक्झिट कोड लगेच बाजूला. मग त्या फाइलीवर 'ग्रेप -व्ही -एफ' चालवायचा, नमुने 'ओळखीच्या.टीएक्सटी' या फाइलीतून घेऊन. जे उरेल तेवढंच पडद्यावर. गाळणी दाखवण्याला आहे, साठवण्याला नाही.

ग्रेपचा एक्झिट कोड इथे उलटा वाचावा लागतो. ० म्हणजे अनोळखी ओळ सापडली, म्हणजे लक्ष द्या. १ म्हणजे काही उरलं नाही, म्हणजे छान. २ म्हणजे ग्रेपलाच अडचण, उदाहरणार्थ नमुन्यांची फाइल गायब. तिन्ही वेगळे हाताळले. 'सेट -ओ पाइपफेल' (पाइपमधला एक नापास तर सगळं नापास) लावून ग्रेप पाइपमध्ये ठेवला असता तर प्रत्येक निर्दोष खंड नापास झाला असता.

एक गोष्ट ज्युनिअरने पकडली, श्रेय त्याचं. नमुन्यांच्या फाइलीत चुकून एक रिकामी ओळ राहिली तर? रिकामा नमुना प्रत्येक ओळीशी जुळतो. '-व्ही' लावलेलं असल्याने प्रत्येक ओळ गाळली जाते. म्हणजे फाइलीच्या शेवटी एक जादा एंटर दाबला की पुन्हा पूर्ण शांतता, आणि ग्रेप १ देणार, 'सगळं छान'. करून बघितलं, अगदी तसंच झालं. आता स्क्रिप्ट सुरू होतानाच त्या फाइलीत रिकामी ओळ आहे का बघते आणि असेल तर पुढे जायलाच नकार देते.

'|| ट्रू' सगळीकडून काढले. जिथे अपयश खरंच चालतं तिथे तसं का चालतं ते शेजारी लिहिलं. अशी एकच जागा निघाली.

११ सप्टेंबर

महालक्ष्म्यांच्या जेवणामुळे ताई सुट्टीवर, मॅडमही दुपारनंतर गेल्या. मशीन मोकळं मिळालं.

मेलची सोय केली, मेल पाठवणारा एमएसएमटीपी टाकून. पण रोज सकाळी मेल आला की चौथ्या दिवशी तो कोणी उघडत नाही, हे ठाऊक आहे. त्यासाठी 'मोअरयुटिल्स' पॅकेजमधलं 'क्रॉनिक' घेतलं. ते प्रोग्रामचं सगळं बोलणं धरून ठेवतं. प्रोग्राम नीट संपला तर गिळून टाकतं, नापास झाला तरच सगळं बाहेर काढतं. शांत राहायचं की बोलायचं हे निकाल लागल्यावर ठरवायचं, आधी नाही. मला तरी या सगळ्या खटाटोपात सर्वांत पटलेलं हत्यार हेच.

'एसएएन'सारखी गोष्ट मात्र यातूनही निसटली असती, कारण तिथे कोड ० असतो. त्याला '-ई' हा पर्याय आहे, स्टँडर्ड एररवर काहीही आलं तरी बोल. आमची स्क्रिप्ट आता स्टँडर्ड एररवर फक्त अनोळखी ओळीच टाकते, त्यामुळे 'क्रॉनिक -ई' नेमकं बसतं. क्रॉनटॅबमध्ये सुटसुटीत ओळ राहिली: रात्र.एसएच आणि सूची.एसएच एकाच वेष्टनात, त्यापुढे 'क्रॉनिक -ई', रिडायरेक्शन शून्य.

मग मुद्दाम मोडून बघितलं. संस्कृतचं पॅकेज काढलं: मेल आला, खंडाच्या नावासकट. यादीत 'एमआर' टाकलं: मेल आला. '.एरर' फाइलीच्या जागी /डेव्ह/फुल दिलं, ज्यात लिहायला गेलं की 'जागा नाही' असंच उत्तर मिळतं. टेसरॅक्टने त्याची पर्वा न करता मजकूर काढला आणि तक्रारी हवेत गेल्या. हे धोक्याचं आहे, कारण डिस्क खरीच भरली तर हेच होईल. सुरुवातीला डिस्कवर किती जागा आहे ते बघायची एक ओळ घातली, आणि '.एरर' फाइलींना लॉगरोटेट लावलं, म्हणजे जुन्या फाइली आपोआप हटतील.

१४ सप्टेंबर

दुरुस्त कोडचे आणि संस्कृतवाले जुने खंड दोन रात्रींत पुन्हा काढले. मॅडमनी सकाळी बसून तपासलं. गायब वर्षं आली. संस्कृत शीर्षकं पूर्ण शुद्ध नाहीत, जुन्या खिळ्यांच्या छपाईत तुटकी अक्षरं आहेत त्याला आपण काही करू शकत नाही, पण शोधात सापडण्याइतपत आहेत.

ताईंच्या पडद्यावर आता खंडाचं नाव, पानांची संख्या, कोऱ्या पानांचा आकडा एवढंच येतं. काल एका ग्रंथसूचीला कोरी पानं जरा जास्तच दिसली म्हणून त्यांनी स्वतःहून खंड उघडून बघितला. मधली पानं चिकटलेली होती. सोडवून पुन्हा स्कॅन केली. "आता कसं, थोडं बोलते तर ऐकू येते," म्हणाल्या.

राहिलेलं एकच. स्कॅनरचा संगणक विंडोजवर आहे. तिथल्या बॅच फाइलीत '२>एनयूएल' आहे, ते विंडोजच्या शेलमध्ये बरोबर, तिथलं /डेव्ह/नल तेच. पण तीच ओळ कोणीतरी गिट बॅशमध्ये, म्हणजे विंडोजवर चालणाऱ्या बॅशमध्ये, चालवलेली दिसते. तिथे 'एनयूएल' ही साधी फाइल समजली गेली आणि त्या नावाची खरीखुरी फाइल स्कॅनच्या फोल्डरमध्ये तयार झाली. एक्सप्लोररमधून ती डिलीट होत नाही, नाव राखीव असल्यामुळे, आणि तिच्यामुळे अख्ख्या फोल्डरचा बॅकअप अडतोय. गिट बॅशमधूनच 'आरएम एनयूएल' केलं की जाते. सोमवारी ताईंसमोर करून दाखवायचं, आणि करण्याआधी ती उघडून आत काय साठलंय ते वाचायचं.